स्कापा फ्लोचा भंगारवाला

अर्नेस्ट कॉक्स हा इंग्लंडमधला भंगाराचा व्यापारी. १९२४ साली त्यानं २४,००० पौंड मोजून ब्रिटिश नौदलाकडून २६ विनाशिका आणि दोन अवाढव्य युद्धनौका विकत घेतल्या. सगळ्या समुद्राच्या तळाशी होत्या, आणि कॉक्सनं तोवर एकही बुडालेलं जहाज वर काढलेलं नव्हतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांच्या कुशीत स्कापा फ्लो हे नैसर्गिक बंदर आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन आरमाराची ७४ जहाजं इथं अडकवून ठेवली होती. २१ जून १९१९ रोजी त्यांचा सेनापती लुडविग फॉन रॉयटर यानं ती बुडवण्याचा हुकूम दिला. तळाच्या झडपा उघडल्या गेल्या आणि ५२ जहाजं तळाशी गेली. कॉक्सनं घेतलेली जहाजं त्यांतलीच.

कॉक्सकडे जर्मनांचीच एक जुनी तरंगती गोदी होती. ती कापून त्यानं दोन भाग केले आणि बुडालेल्या विनाशिकेच्या दोन्ही अंगांना उभे केले. पाणबुड्यांनी जहाजाच्या पोटाखालून साखळ्या ओवल्या. ओहोटीला त्या ताणायच्या. भरती चढली की गोदी उचलली जाते, सोबत जहाजही. वाळूत रुतलेली होडी काढायला उधाणाची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पहिल्या प्रयत्नात साखळ्या तुटल्या. मग पोलादी दोर आले, आणि ऑगस्ट १९२४ मध्ये ‘व्ही-७०’ ही विनाशिका वर आली. दोन वर्षांत जवळजवळ सगळ्या विनाशिका निघाल्या.

खरी परीक्षा मोठ्या जहाजांची होती. ‘मोल्टके’ बावीस हजार टनांहून जड, आणि तीही उलटी पडलेली. इतकं वजन दोरांनी उचलणार कसं? कॉक्सनं ती उलटीच वर आणायचं ठरवलं. पाणबुड्यांनी तळाची भोकं बुजवली आणि पंपांनी आत हवा कोंबायला सुरुवात झाली, म्हणजे पाणी खालून बाहेर ढकललं जाईल. पण सगळी हवा नाळेकडे धावली. नाळ वर, मागचा भाग तळातच. आतले कप्पे एकेक करून हवाबंद केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यासाठी जुने बॉयलर एकावर एक जोडून उंच नळकांडी केली आणि जहाजाच्या पालथ्या पाठीवर बसवली. त्यांतून माणसं आत उतरत. छताच्या जागी फरशी, दाबलेली कोंदट हवा, अंधार. टॉम मॅकेन्झी आणि अर्नेस्ट मॅककेऊन या दोघा सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली हे चाले. माझ्या लेखी या साऱ्या कहाणीतलं सर्वांत धैर्याचं काम हेच. जून १९२७ मध्ये ‘मोल्टके’ तरंगली, आणि पुढच्या वर्षी उलट्या अवस्थेतच ओढत रोसाइथच्या गोदीत नेली गेली.

‘हिंडेनबुर्ग’नं मात्र छळलं. ती सरळ उभी होती, म्हणून सुमारे ८०० ठिगळं लावून पाणी उपसायचं ठरलं. ठिगळांचे सांधे बुजवायला लावलेली चरबी माशांनी खाल्ली. तिच्यात सिमेंट मिसळावं लागलं. पाणी उपसलं की जहाज एका अंगावर कलायचं, वर वादळ. १९२६ मध्ये हार मानावी लागली. १९३० मध्ये कललेल्या अंगाखाली काँक्रीटचा भक्कम टेकू दिला, तेव्हा ती उठली.

या कामात माणसं गेली. हिशेबात कॉक्सला सुमारे दहा हजार पौंडांची खोट आली. तरीही जहाज उचलण्याच्या विद्येत इतकं मोठं काम दुसऱ्या कुणी केल्याचं मला ठाऊक नाही. त्याच्यानंतर इतरांनी आणखी जहाजं काढली. तीन युद्धनौका आणि चार क्रूझर आजही स्कापा फ्लोच्या तळाशी आहेत.