जुन्या होडीची निगा

आपल्यापैकी जे खाडीकाठी राहतात, त्यांतील काहींच्या आगरात एखादी जुनी लाकडी होडी माडाखाली पालथी पडलेली असेल. वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या वेळची. मुले तिच्यावर चढून खेळतात, कोंबड्या तिच्याखाली अंडी घालतात, आणि वर्षातून एकदा घरातले कोणीतरी म्हणतेच, “फोडून सरपणाला तरी लावा ती!” त्या होडीची बाजू मांडण्यासाठी हे चार शब्द.

आमची होडी वाशिष्ठीच्या खाडीतली. चिपळूणजवळच्या गोवळकोटाहून दाभोळकडे जाणारी ती खाडी. होडी सागाची, पाच माणसांपुरती. वडील थकले, मी नोकरीसाठी शहरात; त्यामुळे ती चार वर्षे उन्हात पडून राहिली. एका सुट्टीत मुलांच्या हट्टाखातर आम्ही ती पाण्यात लोटली. काठापासून वीस हात गेलो नाही, तोच घोट्यापर्यंत पाणी भरले. धाकटी मुलगी रडू लागली. कसेबसे परतलो. आता ही विकून टाकायची, असे मी त्याच दिवशी ठरवले.

शेजारचे एक वृद्ध तांडेल हे पाहत होते. ते म्हणाले, “मास्तर, होडी बिघडली नाय, तहानलीय. दोन दिस पाण्यात ऱ्हाऊ द्या.”

तसे केले. काठाशी बांधून ती पाण्याने भरू दिली आणि तिसऱ्या दिवशी उपसली. गळती पुष्कळच कमी झाली होती. यात जादू काही नाही. पावसाळ्यात आपल्या घराचे दार चौकटीत घट्ट बसते, तेच हे. लाकूड पाणी शोषते आणि रुंदीने फुगते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. फळ्या रुंदीने फुगल्या की त्यांच्यामधल्या फटी आपोआप मिटतात. उन्हात पडलेल्या होडीच्या फळ्या आकसतात आणि फटी उघडतात. म्हणून वापरातली होडी टिकते आणि पडून राहिलेली लवकर जाते.

होडीचे खरे शत्रू दोन. पहिला पावसाचे पाणी. आपल्याला वाटते की खारे पाणी लाकूड खाते. प्रत्यक्षात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. गोडे पाणी साचले की ती फोफावते. यासाठी पावसाळ्यात होडी ओंडक्यांवर पालथी ठेवावी आणि वर झाप घालावेत; मात्र खालून वारा खेळता राहिला पाहिजे. दुसरा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा एक समुद्री जीव. दिसतो किड्यासारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. अगदी बारीक छिद्रातून तो आत शिरतो आणि वरून फळी शाबूत दिसत असताना आतून तिची चाळण करतो. होडी काही आठवडे पाण्याबाहेर सुकली की तो मरतो. म्हणजे पावसाळ्यातली विश्रांती होडीला औषधासारखी असते.

वर्षाचा क्रम फार अवघड नाही. ज्येष्ठात पाऊस लागण्यापूर्वी होडी वर ओढावी आणि तळाला चिकटलेली कवचे खरवडावीत. पावसानंतर फटींतला जुना कापूस काढून नवा ठोकून बसवावा, वर राळ आणि तेल यांचे मिश्रण भरावे. मग सगळ्या अंगाला उंडीचे तेल द्यावे. गंजलेले खिळे बदलावेत. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते खरी, पण बायकामुलांना घेऊन फिरायचे तर दसरा होऊ द्यावा.

आता शिक्षकांसाठी एक हिशेब. आपल्या किनाऱ्यावर जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दोन्ही पक्षांत तिथी पहिल्यापासून मोजायची. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. हे उत्तर ढोबळ असते, आणि खाडीत जितके आत जावे तितका उशीर होतो. आमच्या मुलाने महिनाभर काठावर खूण करून हा उशीर वहीत टिपला. पाऊणकीचा पाढा त्याला शाळेत कधी आला नव्हता. तो इथे आला.

वडील आता अठ्ठ्याहत्तरीचे आहेत. ते वल्हे मारू शकत नाहीत. पण दरवर्षी होडी उलटी केली की ते काठी टेकत येतात आणि बोटाच्या पेराने एकेक फळी ठोकून पाहतात. भरीव आवाज आला की पुढे; पोकळ आला की खडूने खूण. धाकटी त्यांच्यामागून खडू घेऊन फिरते. एरवी दिवसभर न बोलणारे वडील त्या दोन तासांत तिला सारी खाडी सांगतात. नवी फायबरची होडी हलकी असते आणि तिला निगाही कमी लागते, हे मला मान्य आहे. पण हे दोन तास मला तिच्यात मिळाले नसते.

मात्र मायेपोटी डोळेझाक नको. तळाच्या मुख्य लाकडात चाकूचे टोक सहज रुतले, तर जाणत्या सुताराला दाखवल्याशिवाय ती होडी पाण्यात घालू नये. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवेच, पोहता येणाऱ्याच्याही. आमच्या खाडीत मगरी आहेत, म्हणून हात-पाय पाण्यात सोडायचे नाहीत, हा आमच्या होडीतला पहिला नियम.

तेव्हा माडाखालच्या त्या होडीला कुऱ्हाड लावण्यापूर्वी एकदा तिच्या फळ्या ठोकून पाहा. घरात कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना बरोबर घेऊन जा. कुठली फळी कशी वाजते, ते त्यांना ठाऊक असेल.