खड्डा ग्रहाचाच आहे का?

लॅपटॉपच्या पडद्यावर ठिपक्यांचा एक पट्टा डावीकडून उजवीकडे पसरलेला असतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एका ताऱ्याचा त्या वेळी मोजलेला प्रकाश. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर तेज, आणि नोंद सुमारे २७ दिवसांची. मध्यावर पट्टा थोडा तुटलेला दिसतो, कारण 'टेस' ही अवकाश दुर्बीण तेव्हा पृथ्वीजवळ येऊन साठवलेली माहिती खाली पाठवत असते. ती फट सोडून द्यायची आणि बाकीच्या पट्ट्याला कुठे खड्डा पडलाय का, ते शोधायचं.

तारा आणि आपण यांच्या मधून ग्रह गेला की तो ताऱ्याचा थोडासा प्रकाश अडवतो. ८ जून २००४ला शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, ते अधिक्रमण ज्यांनी काळ्या फिल्टरमधून पाहिलं असेल त्यांना हे वेगळं समजवायला नको. तेव्हा सूर्याचा प्रकाश जेमतेम हजारातल्या एका भागाने कमी झाला होता. तो काळा ठिपका आपल्याला दिसला, कारण सूर्य जवळ आहे. शेकडो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचं बिंब दिसत नाही, मग ठिपका कुठला दिसायला? हाती लागते ती फक्त प्रकाशातली घट. काही तास प्रकाश उतरतो, तळाशी सपाट राहतो, पुन्हा वर येतो.

पुण्याजवळच्या मारुंजीत राहून आकाश बघण्याची हौस भागत नाही. एका बाजूला हिंजवडीच्या आयटी पार्कचे दिवे, दुसऱ्या बाजूला नव्या टॉवरच्या क्रेनवरचे. भातखाचरं होती तिथे आता सोसायट्यांची फाटकं आहेत. गच्चीवर गेलं तर ठळक तारे तेवढे मोजता येतात. पण या कामाला गच्ची लागत नाही. 'प्लॅनेट हंटर्स' हा प्रकल्प २०१०मध्ये केप्लर दुर्बिणीच्या माहितीवर सुरू झाला आणि २०१८च्या अखेरीपासून टेसच्या माहितीवर चालतो. त्यात जगभरातले हौशी लोक आपापल्या घरी बसून हे आलेख तपासतात. ऑफिसातून आलं, लक्ष्मी चौकातल्या गर्दीतून सुटलं, जेवणं आवरली, की मी बसते.

हे काम संगणक का करत नाही, असं सगळेच विचारतात. संगणक करतोच, आणि आधी करतो. त्याची भिस्त मुख्यतः पुनरावृत्तीवर असते. ठराविक दिवसांनी तोच खड्डा पुन्हा पडला की त्याला खात्री वाटते. एखादा ग्रह सावकाश फिरणारा असेल तर २७ दिवसांत त्याचा एकच खड्डा सापडतो आणि तो यंत्राच्या चाळणीतून निसटू शकतो. माणसाचा डोळा अशा एकट्या खड्ड्यावर थबकतो. टीओआय-८१३ नावाच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह असाच स्वयंसेवकांच्या नजरेला आला. त्याची प्रदक्षिणा ८४ दिवसांची आहे. तो शोधनिबंध २०२०मध्ये प्रसिद्ध झाला.

आता कामाचं खरं स्वरूप सांगते. खड्डा सापडणं सोपं असतं. आठ-दहा आलेख पाहिले की एखादा दिसतोच. तो ग्रहाचा नाही हे ओळखण्यातच सगळा वेळ जातो.

शेजारची नववीतली मुलगी सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसते. एका रात्री ती एकदम म्हणाली, "काकू, हा बघा ना, केवढा खोल गेलाय!"

"खोल आहे म्हणूनच शंका घे," मी म्हटलं. "किती टक्के उतरलाय बघ आधी."

तो बारा टक्के उतरला होता. गुरू आपल्या सूर्यासमोरून गेला तर दूरच्या निरीक्षकाला सूर्य एक टक्काच मंद दिसेल. बारा टक्के प्रकाश अडवायला सहसा दुसरा तारा लागतो. आम्ही आलेख मोठा केला. खड्ड्याचा तळ सपाट नव्हता. दोन्ही बाजू तिरक्या उतरून टोकाला मिळत होत्या, म्हणजे इंग्रजी 'व्ही'सारख्या. ग्रहाच्या खड्ड्याचा तळ बहुधा 'यू'सारखा सपाट असतो, कारण छोटं बिंब मोठ्या बिंबावर पूर्ण चढल्यावर घट बराच वेळ तेवढीच राहते. मग तिनेच पुढचे खड्डे शोधले. पहिला खोल, दुसरा किंचित उथळ, तिसरा पुन्हा खोल. एकाआड एक खोली बदलते म्हणजे दोन तारे एकमेकांना आळीपाळीने झाकतायत. जोडतारा निघाला. तिचा चेहरा उतरला. मला मात्र आनंद झाला. एक शक्यता पुराव्यानिशी खोडता आली, ही या कामातली कमाईच.

बाकी फसवणुकी कितीतरी. ताऱ्यावरचे डाग त्याच्याबरोबर फिरतात तेव्हा पट्टा लाटेसारखा वरखाली होतो. काही तारे स्वतःच आकुंचन-प्रसरण पावतात. पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरला की पट्ट्याची टोकं वाकतात. सगळ्यांत अवघड शेजाऱ्याचा गोंधळ. टेसच्या कॅमेऱ्याची एक चौकट (पिक्सेल) आकाशाचा २१ विकलांचा तुकडा व्यापते. एवढ्यात दोन-तीन तारे सहज बसतात. मागच्या मंद जोडताऱ्याचं ग्रहण पुढच्या तेजस्वी ताऱ्याच्या प्रकाशात मिसळलं की खोल खड्डा पातळ होतो आणि हुबेहूब ग्रहासारखा दिसतो. तो आलेखावरून ओळखता येत नाही. त्यासाठी जमिनीवरच्या दुर्बिणी लावाव्या लागतात. इतक्या फसवणुकींत एकाची नजर चुकू शकते, म्हणून एकच आलेख अनेकांना स्वतंत्रपणे दाखवतात. अधूनमधून मुद्दाम रचलेला खोटा खड्डाही समोर टाकतात, तपासणाऱ्याची नजर किती पकडते हे कळावं म्हणून.

हे सारं जीवसृष्टीच्या शोधासाठी, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला पल्ला फार लांबचा वाटतो, आणि तो आहेच. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश दहा लाखांत ८४ भाग कमी होतो. त्याची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत नेमकी बसण्याची शक्यता सुमारे २१५ मध्ये एक. बसली तरी हा प्रकार वर्षातून एकदा, जास्तीत जास्त तेरा तास. तरीही ज्ञात बाह्यग्रहांची संख्या २०२५मध्ये सहा हजारांच्या पुढे गेली. १९९५मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला तेव्हा हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. यातल्या एका ग्रहाचं नाव पुण्यातल्या तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने सुचवलेलं आहे. २०१९मध्ये भारताच्या वाट्याला एक तारा आणि त्याचा ग्रह नामकरणासाठी आला. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून 'बिभा' आणि ग्रहाला 'संतमस' हे नाव मिळालं. शेजारच्या मुलीला ही गोष्ट ग्रहांच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त आवडली.

ग्रह पक्का झाल्यावर पुढची पायरी येते ती त्याच्या हवेची. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा काही प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो आणि तिथले वायू आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. सिंह राशीत १२४ प्रकाशवर्षांवर के२-१८बी नावाचा ग्रह आहे. एप्रिल २०२५मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींवरून त्याच्या हवेत डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळचं संयुग असल्याच्या खुणा मांडल्या. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. बातम्या मोठ्या आल्या. लगेच इतरांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या आणि खूण तेवढी ठाम नसल्याचं सांगितलं. हाच रेणू ६७पी या धूमकेतूवर, जिथे जीव असण्याचा प्रश्नच नाही, तिथेही आढळल्याचं आधीच नोंदलेलं होतं. अनेकांना हा विरस वाटला. मला तो कामाचा नेहमीचा क्रम वाटतो: आधी जोडतारा आहे का ते पाहायचं, मग शेजारी, मग यंत्र, आणि सगळं खोडून उरेल त्यालाच ग्रह म्हणायचं. जीवसृष्टीच्या बाबतीत ही यादी कितीतरी लांब असणार.

ही यादी प्रामाणिकपणे कशी चालवावी, याचा मला माहीत असलेला सगळ्यांत चांगला दाखला इथून फार लांब नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रही आहे. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर हे फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी. जीवाची बीजं अवकाशातून पृथ्वीवर येत असावीत, असं हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे मांडत आले. नारळीकरांनी फुगा वर पाठवून, तिथली हवा आणून त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. पहिलं उड्डाण जानेवारी २००१मध्ये झालं, दुसरं २० एप्रिल २००५ला. दोन्ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादमधल्या फुगा केंद्रातून झाली.

दुसऱ्या खेपेची मांडणी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. २ कोटी ६७ लाख घनफुटांचा फुगा आणि त्याखाली ४५९ किलोची उपकरणं. त्यात निर्जंतुक करून आतली हवा काढून घेतलेल्या स्टेनलेस स्टीलच्या सोळा नळ्या. त्या सगळ्या ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. निऑन उणे २४६ अंशाला उकळतो. इतक्या थंड नळीचं तोंड वर उघडलं की आत शिरलेली विरळ हवा भिंतीवर गोठून बसते, आत पुन्हा पोकळी होते आणि आणखी हवा ओढली जाते. पंप नाही, तेल नाही, म्हणजे पंपातून जंतू आल्याची शंकाही नाही. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर टप्प्याटप्प्याने हवा भरली गेली. प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवर उडतात, आणि आपल्याकडचे पावसाचे ढगही सोळा-सतरा किलोमीटरच्या आसपास थांबतात. नळ्या पॅराशूटने खाली आल्या. नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत आणि पुण्याच्या पेशी विज्ञान केंद्रात, दोन्हीकडे स्वतंत्रपणे तपासले गेले.

जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. बहुतेक पृथ्वीवर आधीच माहीत असलेल्या जातींच्या जवळच्या निघाल्या. तीन जिवाणू मात्र सर्वस्वी नवे होते आणि अतिनील किरण त्यांच्या जवळच्या नातलगांपेक्षा जास्त सोसत होते. एकाला हॉईल यांच्यावरून जानिबॅक्टर हॉयली नाव दिलं, दुसऱ्याला इस्रोवरून, तिसऱ्याला आर्यभटावरून. मार्च २००९मध्ये इस्रोने हे जाहीर केलं तेव्हा स्पष्ट म्हटलं, की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचं निर्णायकपणे सिद्ध होत नाही. काम पुढे न्यायला उत्तेजन मात्र मिळतं.

ज्या कल्पनेवर नारळीकरांच्या गुरूने आयुष्याचा मोठा काळ घालवला आणि जिच्याबद्दल नारळीकरांना स्वतःलाही आस्था होती, तिच्या बाजूने झुकणारा पुरावा हाती असताना हे वाक्य निघालं. नारळीकर २० मे २०२५ला पुण्यात गेले. त्या आठवड्यात त्यांच्या विज्ञानकथांबद्दल खूप लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. मला मात्र हा फुगा आठवत राहिला.

तो संयम बरोबर होता, हे पुढे दिसलं. आर्यभटाच्या नावाचा जिवाणू नंतर पृथ्वीवरच्या मातीत आणि पिकांच्या मुळांशी सापडला. पिकाच्या वाढीला मदत करणारा जिवाणू म्हणून त्याच्यावर कृषी संशोधन चालू आहे. म्हणजे त्याचं घर इथेही आहे. मग तो इतक्या वर गेला कसा? वादळाने, ज्वालामुखीने, की आणखी कशाने? की खरोखर वरून खाली आला? पृथ्वीवर सापडणं ही वरून न आल्याची खूण ठरत नाही, कारण वरून येणाराही शेवटी मातीतच पडणार. यातली एकही शक्यता पुरती खोडलेली नाही. जिवाणूची नवी जात मान्य व्हायची तर तिचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. त्यामुळे ४१ किलोमीटरपर्यंत गेलेल्या त्या नळ्यांतून वाढवलेले हे जिवाणू आजही मिळतात, आणि ज्या प्रयोगशाळेला शंका असेल तिला ते मागवून पुन्हा तपासता येतात.