पदरावरचा डाग धुऊ नका

गुंगीचं औषध पाजून बाईला लुटलं, तिच्यावर अत्याचार केला, अशा बातम्या आपण ऐकतो. जाग आल्यावर तिला धड काही आठवत नाही. मग घरचेच विचारतात, "तुला काही पाजलं, याला पुरावा काय?" तो पुरावा कधी कधी तिच्या पदरावरच्या डागात असतो. आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम ही झोपेच्या नाहीतर चिंतेच्या गोळ्यांतली औषधं. गोळी पोटातून रक्तात उतरते. त्या वेळी बांगडी फुटून मनगट कापलं, ओठ फुटला, तर कापडावर पडलेल्या थेंबातही ते औषध असतं. रक्त वाळलं म्हणून ते उडून जात नाही. उलट ओल्या रक्तात जंतू वाढतात आणि नायट्राझेपामसारखं औषध मोडून टाकतात. रक्त वाळलं की जंतूंचं काम थंडावतं. आपल्या कुरडया वाळल्यावर वर्षभर टिकतात, तसंच काहीसं. फक्त डागाला ऊन नको, सावली हवी.

न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत डागाचा लहान तुकडा कापून मेथॅनॉलसारख्या द्रवात भिजवतात. औषध त्यात उतरतं. मग यंत्र एकेक घटक वेगळा करतं आणि जणू तोलून ओळखतं. ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागाच्या हिशेबात मोजावं लागेल इतकं थोडं औषधही सापडू शकतं. शेजारचं डाग नसलेलं कापडही तपासावं लागतं, कारण औषध घातलेला चहा कपड्यावर सांडलेला असू शकतो.

पण डागात रक्त नेमकं किती होतं हे कळत नाही, म्हणून किती गोळ्या दिल्या हे त्यावरून ठरवणं अवघड. औषध कुणी दिलं, हे तर कुठलंच यंत्र सांगत नाही. बाई स्वतः डॉक्टरांच्या सल्ल्यानं झोपेची गोळी घेत असेल तर तीही दिसणार. ते तपासणीच्या वेळीच सांगून टाकावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अशा वेळी घरातली मोठी बाई काय म्हणते? "आधी आंघोळ कर, कपडे भिजत घाल." मायेनंच म्हणते, पण आमच्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं. कपडे ओले असले तर सावलीत वाळू द्या, मग कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते.

आणि डाग आहे म्हणून दवाखाना टाळू नका. ताजं रक्त आणि लघवी हाच पहिला पुरावा. रक्तातून औषध लवकर कमी होतं, लघवीत त्याच्या खुणा जास्त दिवस राहतात. जमलं तर शुद्धीवर आल्यानंतरची पहिली लघवी दवाखान्यातच द्यावी. अत्याचार झालेल्या बाईवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयानं मोफत उपचार करायलाच हवेत. तपासणी मात्र तिच्या संमतीनंच.

गुन्हा करण्याच्या हेतूनं गुंगीचं औषध पाजणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १२३, शिक्षा १० वर्षांपर्यंत. महिलांसाठीचा मदतीचा नंबर १८१.