कंपनशास्त्राची लेखमाला : लेखांक ७ – आधाराचे जडत्व

ताणलेल्या तारेच्या आडव्या कंपनांचा जो नियम गेल्या लेखांकात आपण पाहिला, म्हणजे लांबी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट आणि ताण चौपट केला तरीही दुप्पट, तो मांडताना तारेची दोन्ही टोके सर्वस्वी अचल आहेत हे गृहीत आपण बिनहरकत मंजूर करून टाकले होते. आता त्या मंजुरीची फेरतपासणी करणे प्राप्त आहे. पूर्णतया अचल असा आधार सृष्टीत कोठेही नाही. आणि असता तर तंबोरा मुकाच राहिला असता, कारण बारीक तारेच्या हालचालीने हवा फारशी ढवळत नाही, तारेबरोबर घोडी हलते, घोडीबरोबर तबली हलते आणि त्या तबलीच्या विस्तृत पृष्ठाने ढवळलेली हवा आपल्या कानापर्यंत येते. म्हणजे बंधन थोडे सैल आहे म्हणूनच नाद आहे. मात्र या सैलपणाचा मोबदला तारेला आपल्या स्वराच्या रूपाने चुकवावा लागतो.

आधार हलू लागला की स्वर उतरेल, असे सामान्य बुद्धी चटकन सांगते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. आधार हलका पण स्प्रिंगसारखा ताठ असेल तर तो तारेच्या ओढीबरोबर त्याच दिशेला झुकतो, तारेचा निस्पंदबिंदू घोडीच्या पलीकडे गेल्यासारखा होतो आणि जणू तार लांबल्याने स्वर खरोखरच उतरतो. पण आधाराला स्प्रिंगचा ताठपणा नसून केवळ वजन असेल तर? लॉर्ड रेली यांनी १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिविषयक महाग्रंथाच्या पहिल्या खंडात या प्रश्नाचा निकाल दिला आहे, आणि तो प्रथमदर्शनी विपरीत वाटणारा आहे : अशा वेळी स्वर चढतो.

याचे मर्म घरबसल्या पाहता येते. वीतभर दोऱ्याला एक लहानसे कुलूप बांधून दोऱ्याचे वरचे टोक हातात धरावे. हा लंबक स्वतःच्या मर्जीने सेकंदाला सुमारे एक हेलकावा घेतो. हात त्याहून पुष्कळ सावकाश हलवला तर कुलूप निमूटपणे हाताच्या दिशेने जाते. पण सेकंदाला दोन वेळा या वेगाने हात हलवू लागलो, की आरंभीची गडबड शमल्यावर हात उजवीकडे असता कुलूप डावीकडे आणि हात डावीकडे असता ते उजवीकडे असलेले दिसते. जड वस्तूला तिच्या स्वाभाविक गतीपेक्षा त्वरेने हुकूम सोडले तर ती ते उलटे बजावते, असाच हा प्रकार आहे. तारेच्या टोकाशी असलेले वजनही याच न्यायाने तारेच्या मध्यभागाच्या विरुद्ध दिशेस हलते. त्यामुळे या दोहोंच्या दरम्यान, म्हणजे घोडीच्या अलीकडे खुद्द तारेवरच, एक बिंदू स्थिर राहतो. कंप पावणारा भाग तितका आखूड झाला, सबब स्वर चढला.

येथे चिकित्सक वाचक हरकत घेईल, आणि ती योग्यच होय. कोणत्याही व्यवस्थेचे जडत्व वाढवले की तिच्या कंपनसंख्या घटतात आणि बंधन शिथिल केले तरीही त्या घटतात, असे दोन्ही सिद्धांत रेलींचेच असताना, बंधन शिथिल करून स्वर चढला कसा? पहिल्या सिद्धांताच्या हरकतीचा निरास सोपा आहे : अचल टोक म्हणजे अनंत वजनाचे टोक, म्हणून त्या जागी मर्यादित वजन आणणे म्हणजे जडत्व वाढवणे नव्हे, कमी करणेच होय. दुसऱ्याच्या हरकतीचा निरास अधिक मार्मिक आहे. टोक मोकळे होताच व्यवस्थेला पूर्वी नसलेला एक अगदी मंद हेलकावा नव्याने प्राप्त होतो, ज्यात वजन झुलते आणि तार केवळ त्याला मागे ओढण्याचे काम करते. सर्वांत खालची कंपनसंख्या आता याची, आणि ती पूर्वीच्या मूलस्वराहून कमीच आहे. आपण ज्याला तारेचा स्वर म्हणतो तो आता अनुक्रमाने दुसरा झाला. सिद्धांत अबाधित राहतो, गणती मात्र बदलते.

प्रमाणाचा अंदाज घ्यावा. टोकाचे वजन तारेच्या दसपट असेल तर मूलस्वर सुमारे १ टक्क्याने चढतो, म्हणजे ८१:८० या सूक्ष्म श्रुतिभेदाहून थोडासाच कमी. दुसऱ्या उपस्वरावर हा परिणाम चतुर्थांश, तिसऱ्यावर नवमांश. मूलस्वराची तफावत गवई मणी सरकवून काढील. पण मूलस्वर आणि उपस्वर यांच्यातील साध्या पूर्णांकी गुणोत्तराचा जो भंग झाला तो कोणत्याही मण्याने भरून निघत नाही.

प्रत्यक्ष वाद्यात घोडी व तबली यांना वजनही असते आणि ताठपणाही, त्यामुळे त्यांना स्वतःचे स्वाभाविक स्वर असतात. त्यांच्या खालचा तारेचा स्वर उतरतो, वरचा चढतो. पण तारेचा स्वर नेमका त्यांच्यापैकी एखाद्या बलवान स्वराशी येऊन ठेपला तर? कलकत्त्यात सरकारी हिशेबखात्याची नोकरी सांभाळून बहूबाजार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेत सकाळ-संध्याकाळ प्रयोग करणारे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१६ साली याच ठिकाणाला हात घातला. चेलो या वाद्यावर एका विशिष्ट स्वरापाशी गज स्थिर ओढला तरी नाद गुरगुरत, अडखळत येतो; पाश्चात्त्य वादक त्याला लांडगा म्हणतात. रामन यांनी दाखवले की त्या स्वराशी वाद्याचा देह इतका हलू लागतो, की तारेतील शक्ती तो शोषून घेतो आणि गजाचा दाब मूलस्वर टिकवण्यास अपुरा पडतो. मूलस्वर ढासळून त्याचे वरचे सप्तक पुढे येते, देह शांत होतो, मूलस्वर पुन्हा उभा राहतो, आणि हे रहाटगाडगे चालूच राहते. घोडीवर म्यूटचे, म्हणजे नाद मंद करणाऱ्या चिमट्याचे, जादा वजन चढवले की हा लांडगा आणखी खालच्या स्वरावर जाऊन बसतो, म्हणजे जडत्वाचा अंमल येथे थेट कानांनी मोजता येतो.

तंबोऱ्याची घोडी मात्र धारदार नसून रुंद आणि किंचित बाकदार असते, आणि तिच्या जवारीचे गूढ जडत्वाने उकलत नाही. त्याचा विचार पुढील लेखांकी.