फासे टाका, नायक घडवा!

दोस्तांनो, घरात लुडोचा फासा आहे ना? मग चला शिरूर तालुक्यातल्या इनामगावला! इथं घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. समजा, तुमचा नायक त्याच वस्तीतला. आज भीमेकाठी जिथं दौंड आहे, तिथवर त्याला वाट काढत जायचंय. पण गडी आहे कसा? बलदंड की किडकिडीत?

असे पात्रांचे खेळ अमेरिकेत १९७४ साली आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मुळे गाजले. त्यात पात्राचे गुण सहा: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. जुनी रीत सोपी. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे (एकच असला तर तोच तीनदा!), बेरीज मांडायची आणि जे पडेल ते निमूट घ्यायचं. १८ पडण्याची शक्यता २१६ त एक! पण तुम्हाला सगळीकडे ६-७ आणि शेजारच्याला १५-१६ पडले, की रुसवे सुरू. डाव तिथंच मोडतो.

म्हणून दुसरी रीत निघाली. फासे चार टाका, सर्वांत लहान आकडा सोडा. ६, ४, ३, १ पडले तर १ बाद, बेरीज १३. सरासरी साडेदहावरून सव्वाबारापर्यंत चढते. अशा सहा बेरजा करा आणि कुठली कुठल्या गुणाला, ते तुम्हीच ठरवा.

नशीबच नको? मग सगळ्यांना सारखेच आकडे: १५, १४, १३, १२, १०, ८. भांडण मिटतं, पण खरं सांगू, थोडी गंमतही जाते. मला चार फासेच आवडतात. परवा माझ्या पोराला ताकद ७, चपळाई १६ पडली. आता घोडेला पूर आलाय. तो पलीकडे कसा जाईल?