राजाच्या सनदेत जर्मन कशी आली

मध्ययुगातल्या जर्मनीत न्यायनिवाडा व्हायचा जर्मनमध्ये आणि लिहिला जायचा लॅटिनमध्ये. जमिनीचा तंटा उभा राहिला की वादी, प्रतिवादी, साक्षीदार सगळे आपापल्या बोलीत भांडत, शपथा घेत. निकाल लागला की लेखनिक तो लॅटिनमध्ये उतरवी. हा लेखनिक बहुधा चर्चचा माणूस. ज्याच्या हक्काची सनद, त्यालाच ती वाचता येत नसे आणि वाचून दाखवली तरी कळत नसे.

हे बदलले ते भाषाप्रेमामुळे, असे म्हणण्याचा मोह होतो. कागदपत्रे मात्र वेगळेच सांगतात. १२२०च्या सुमारास आइके फॉन रेपगो याने सॅक्सन लोकांचा रूढीगत कायदा ग्रंथबद्ध केला. तोही आधी लॅटिनमध्ये! एका सरदाराने आग्रह धरला म्हणून त्याने तो जर्मनमध्ये आणला, आणि हे काम आपल्याला फार जड वाटले असे स्वतःच नोंदवून ठेवले.

१२३५ साली सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने माइन्त्स येथे शांतता राखण्याचा कायदा जाहीर केला. त्याचा जर्मन पाठही उपलब्ध आहे. गंमत म्हणजे हा सम्राट वाढला सिसिलीत. या कायद्यातले एक कलम मला सर्वांत बोलके वाटते. राजाच्या न्यायाधीशाचा लेखनिक धर्मसंस्थेबाहेरचा असावा, असे ते सांगते. का? तर त्याने लबाडी केली तर त्याला देहदंड देता यावा. पाद्र्याला तसा दंड देता येत नसे. लेखणीवरची चर्चची मक्तेदारी इथे प्रथम सैल होताना दिसते.

पुढे १२४० मध्ये फ्रेडरिकचा मुलगा कोनराड याच्या नावाने कौफबॉयरेन या गावासंबंधी एक सनद निघाली. उपलब्ध राजसनदांमध्ये जर्मन भाषेतली ही सर्वांत जुनी. राजा तेव्हा अवघा बारा वर्षांचा होता. भाषेचा निर्णय त्याने घेतला असेल असे काही वाटत नाही.

निर्णय बहुतेक वेळा सनद घेणाऱ्याचाच असे. पुष्कळदा तोच मसुदा लिहून आणी आणि दप्तरातून त्यावर फक्त राजमुद्रा उमटे. म्हणून मठाला लॅटिन सनद, शहराला किंवा सरदाराला जर्मन, अशी विभागणी होत गेली. ‘जे हे पत्र पाहतील किंवा वाचलेले ऐकतील त्या सर्वांस’ अशा अर्थाचा मायना या जर्मन पत्रांत वारंवार येतो. त्यातले ‘ऐकतील’ महत्त्वाचे. आणि ही जर्मनही एक नव्हतीच. श्वाबियाची वेगळी, बव्हेरियाची वेगळी.

१२७३ मध्ये हाब्सबुर्ग घराण्याचा रुडॉल्फ राजा झाल्यावर अशी पत्रे वाढली. पण राजदप्तरात जर्मन खरी स्थिरावली ती बव्हेरियाच्या लुडविगच्या काळात, म्हणजे १३१४ ते १३४७ दरम्यान. पोपशी त्याचे हाडवैर होते आणि त्याला शहरांचा पाठिंबा हवा होता. शहरांना समजणारी सनद हवी होती.

लॅटिन मात्र हटली नाही. १३५६ चा ‘सुवर्णादेश’, म्हणजे सम्राट कोण निवडणार हे ठरवणारा मूलभूत कायदा, लॅटिनमध्येच आहे. निर्वाचक राजांच्या मुलांना जर्मन जन्मतःच येते, असे तो गृहीत धरतो आणि सातव्या वर्षापासून त्यांना लॅटिन, इटालियन व स्लाव्ह भाषा शिकवाव्यात असे सांगतो.