जुनी घरे : निगा व सुधारणा

सिमेंट व काँक्रीट यांचा वापर सर्वत्र रूढ होण्यापूर्वी दगड, विटा, माती, चुना व लाकूड यांनी बांधलेल्या घरांची व त्यांच्या आवारांची देखभाल, दुरुस्ती आणि बदलत्या गरजांनुसार त्यांत करावयाचे फेरफार यांचा या विषयात अंतर्भाव होतो. देशावरील वाडे, मराठवाड्यातील माळवदाची घरे आणि कोकणातील जांभ्या दगडाची कौलारू घरे ही या बांधणीची महाराष्ट्रातील प्रमुख उदाहरणे होत.

अशा घरांची हानी वयोमानापेक्षा पाण्यामुळे अधिक होते. म्हणून दुरुस्तीचा क्रम छप्पर, पाण्याचा निचरा, भिंती व शेवटी रंगरंगोटी असा असावा. गळती किंवा ओल यांचे मूळ कारण दूर न करता दिलेला गिलावा एकदोन पावसाळ्यांतच निखळतो. पुराचा धोका याहूनही मोठा असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक जुनी घरे कोसळली. मातीत बांधलेली भिंत पाण्यात राहिली की तिची धारणशक्ती झपाट्याने घटते, हे त्यामागील एक कारण होते.

भिंती : जुन्या घरांत बहुधा ओलरोधक थर नसतो. त्यामुळे जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते आणि त्याबरोबर क्षारही येतात. पाण्याचे बाष्पीभवन झाल्यावर क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाजवळ साठतात. यासच लोणा लागणे म्हणतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ओल त्यातून बाहेर पडते. दाट सिमेंटचा गिलावा ही वाट बंद करतो. परिणामी ओल अधिक उंच चढते, भिंतीत टेकलेली तुळयांची टोके कुजतात व मऊ विटांचा भुगा होतो. यास्तव चुन्यातील बांधकामाची दुरुस्ती चुन्यानेच करणे इष्ट असते. कळीचा चुना विझवून, मुरवून व वाळू किंवा सुर्खीबरोबर मळून वापरतात. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून तो सावकाश घट्ट होतो. म्हणून गिलावा पातळ थरांत देऊन काही दिवस ओलसर ठेवावा लागतो.

प्रत्येक भेग धोकादायक नसते. भेगेवर काचेची अरुंद पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहून ठेवतात. पट्टी तडकल्यास भेग वाढत आहे, असे समजावे. काळ्या जमिनीवरील घरांना उन्हाळ्यात भेगा पडतात व पावसाळ्यात त्या काहीशा मिटतात, कारण ही माती वाळल्यावर आकसते व भिजल्यावर फुगते. भिंतीला आलेला फुगवटा, ओळंब्यातून ढळलेली भिंत व वाढती तिरकस भेग ही मात्र गंभीर लक्षणे होत. अशा वेळी टेकू देऊन त्वरित स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

छप्पर व लाकूडकाम : कौलारू छपराची शाकारणी पावसाळ्यापूर्वी करतात. फुटलेली कौले बदलणे, सरकलेली बसविणे, पन्हळी साफ करणे आणि कुजलेले वासे व रिपा काढणे ही कामे तीत येतात. कोकणात नळीच्या कौलांची जागा पुष्कळ ठिकाणी मंगलोरी कौलांनी घेतली. त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये काढला.

लाकडाला वाळवी लागल्याचे भिंतीवरील मातीच्या नळ्यांवरून कळते. तुळई ठोकल्यास येणारा पोकळ आवाज व टोचा सहज आत शिरणे ही आतील ऱ्हासाची चिन्हे होत. कुजलेले टोक कापून तेथे नवे लाकूड सांधता येते. संपूर्ण तुळई बदलणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते.

माळवद गळू लागले की वर्षानुवर्षे त्यावर मातीचा नवा थर देण्याची प्रथा होती. त्यामुळे भिंतींवरील भार वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात अशा जड छपरांखालील, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या भिंतींच्या आतील व बाहेरील थरांना जोडणारे आरपार दगड बहुधा नव्हते. अशा भिंतींत उभ्या दिशेने सु. ६० सेंमी. व आडव्या दिशेने सु. १·२ मी. अंतरावर आरपार सांधे घालणे, छतावरील जादा माती काढणे आणि भिंती एकमेकींस पट्ट्याने बांधणे हे त्यावरील उपाय होत.

आवार : अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूस असावा. रस्त्यांवर वारंवार थर चढल्याने अनेक घरांची जोती रस्त्याच्या पातळीखाली गेली आहेत. तेथे पाणी अडविण्यासाठी दारापुढे चर व जाळी लागते. भिंतीला भिडवून फरशी किंवा काँक्रीट घातल्यास जमिनीतील ओल भिंतीकडे वळते. म्हणून मध्ये खडीचा पट्टा सोडावा. भिंतीत उगवलेली पिंपळ, वड किंवा उंबर यांची रोपे लहान असतानाच मुळासकट काढावीत. मोठी मुळे ओढून काढल्यास दगड निखळतात. अशा वेळी खोड कापून, मुळे मारून सांधे भरतात. वापरात नसलेली विहीर बुजविण्याऐवजी तिला कठडा व जाळी बसवावी. छपरावरील पाणी गाळून तीत सोडता येते.

सुधारणा : न्हाणीघर व शौचालय यांचे नळ जुन्या भिंतीत न पुरता बाहेरून नेल्यास गळती लवकर लक्षात येते. जुन्या विद्युत् तारा बदलून भूयोजन करणे आवश्यक असते, कारण कडीपाट पेट घेण्याचा धोका असतो. जुन्या भिंतींवर काँक्रीटचा मजला चढविणे किंवा खोली मोठी करण्यासाठी खांब काढणे अभियंत्याच्या तपासणीवाचून करू नये. नगरपालिकेच्या वारसा यादीतील घरांच्या बाह्यरूपात बदल करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, केलेली पाहणी ही सर्वांत कमी खर्चाची दुरुस्ती ठरते. वेळीच बदललेले एक कौल पुढे तुळई वाचविते आणि तुळई वाचली, तर बहुधा घरही टिकते.